म्हसवडची पेठ व व्यापारी समाज

म्हसवड हे महाराष्ट्र राज्याच्या सातारा जिल्ह्यातील, माण तालुक्यातील एक नगर व जुनी बाजारपेठ होय. ते साताऱ्याच्या पूर्वेस सु. ९० किमी.वर, माणगंगेच्या काठी, सातारा–पंढरपूर मार्गावर वसले आहे. तालुक्याचे मुख्य ठाणे दहिवडी असले, तरी माणदेशाच्या व्यापारात म्हसवडचे स्थान जुन्या काळापासून महत्त्वाचे राहिले. मराठेशाहीत येथे माने देशमुखांचे वर्चस्व होते. सेनापती संताजी घोरपडे यांचा १६९७ मध्ये वध करणारा नागोजी माने हा याच घराण्यातील.

पेठेची वाढ तीन गोष्टींवर झाली : सिद्धनाथाचे देवस्थान, आठवडे बाजार व लोकर. मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेस सिद्धनाथाची रथयात्रा भरते. त्या निमित्ताने जमणाऱ्या भाविकांमुळे दुकानदार, फिरते विक्रेते व कारागीर यांचा मोठा व्यवहार होतो. पर्जन्यछायेतील या प्रदेशात शेती बेभरवशाची, म्हणून मेंढपाळीस महत्त्व आले. धनगरांनी कातरलेली लोकर पिंजून तिचे सूत काढावयाचे, ताण्याला चिंचोक्याची खळ द्यावयाची व खड्ड्याच्या मागावर घोंगडी विणावयाची, हा येथील परंपरागत धंदा. सूतकताईचा मोठा भार स्त्रियांवर असे. तथापि व्यापारी म्हणून त्यांची गणना होत नसे.

नगर व सावकार यांचे संबंध परस्परावलंबी, परंतु विषम होते. बियाणे, सारा व लग्नकार्य यांसाठी कुणबी सावकाराकडे जाई आणि पीक बुडाले की जमीन गहाण पडे. पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत १८७५ मध्ये सावकारांविरुद्ध दंगे झाले. त्यानंतर १८७९ मध्ये झालेला दख्खन शेतकरी साहाय्य कायदा सातारा जिल्ह्यासही लागू करण्यात आला. १८७६–७८ च्या भीषण दुष्काळाचा तडाखा या भागास बसला होता. पुढे शेजारच्या आटपाडी भागातील राजेवाडी येथे माणगंगेवर मोठा तलाव झाला. पण त्याने माणदेशाचे अवर्षण हटले नाही. विसाव्या शतकात येथील अनेक कुटुंबे रोजगारासाठी मुंबईस गेली, तर लगतच्या खानापूर–आटपाडी भागांतील लोकांनी सोने-चांदीच्या गलाईचा धंदा देशभर नेला.

सहकारी चळवळ व राष्ट्रीयीकृत बँका यांमुळे पतपुरवठा वाढला, तरी बाजारात भाजी, बांगड्या वा भांडी विकणाऱ्या स्त्रियांना त्याचा फारसा लाभ झाला नाही. त्यांची बचत इतकी अल्प असे, की तिच्यासाठी खाते उघडणे बँकांना परवडत नसे. चेतना गाला-सिन्हा यांच्या पुढाकाराने या स्त्रियांनी स्वतःची बँक काढण्याचे ठरविले. प्रवर्तकांपैकी अनेकजणी निरक्षर असल्याने रिझर्व्ह बँकेने प्रथम परवाना नाकारला. तेव्हा त्यांनी साक्षरतेचे वर्ग चालविले आणि पुन्हा जाऊन आपण व्याजाचा हिशेब तोंडी करू शकतो, हे अधिकाऱ्यांना पटवून दिले. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. रोजचा धंदा सोडून बँकेत येणे विक्रेत्यांना शक्य नसल्याने बँकेचे कर्मचारीच बाजारात जाऊन ठेवी गोळा करू लागले. पुढे स्त्रियांसाठी व्यवसायशिक्षणाचे वर्गही निघाले. २०१२–१३ च्या अवर्षणात माणदेशी संस्थेने म्हसवडला जनावरांची छावणी चालविली. २०१८ मध्ये दाव्होस येथील जागतिक आर्थिक परिषदेच्या सह-अध्यक्षांत चेतना गाला-सिन्हा यांचा समावेश होता.

म्हसवडच्या इतिहासात पेठेने नगर पोसले आणि नगराच्या जत्रेने व बाजाराने पेठ टिकविली. दुष्काळाच्या वर्षी मात्र हे नाते कोणाला पत मिळते, यावर तोलले जाई. पतीचा हा अधिकार सावकाराच्या ओट्यावरून बाजारात बसणाऱ्या स्त्रीपर्यंत काही अंशी पोहोचला, ही या पेठेच्या अलीकडील इतिहासातील महत्त्वाची घटना होय.