खोल टाकीतला स्पंज केव्हा आणि कसा पिळावा

घरी मासे पाळणाऱ्यांत स्पंज फिल्टरविषयी दोन पंथ आढळतात. पहिला दर रविवारी स्पंज नळाखाली धरून तो नवा दिसेपर्यंत धुतो. दुसरा ‘त्यात चांगले जीवाणू असतात’ म्हणून महिनोन्‌महिने त्याला हात लावत नाही. दोघांचीही नजर मळावर असते. एकाला तो नकोसा वाटतो, दुसऱ्याला मोलाचा. प्रस्तुत विवेचनाचा दावा असा की, मळ किती साचला यावरून काहीच ठरत नाही; स्पंजमधून पाणी किती जाते, यावरून सगळे ठरते. फूटभर उंचीच्या टाकीत ही चूक खपून जाते. दोन फूट खोल टाकीत ती माशांच्या जिवावर बेतते.

स्पंज फिल्टरमध्ये पाणी ढकलणारा पंप नसतो. एअर पंपाची हवा उभ्या नळीच्या तळाशी सोडली जाते, नळीतले पाणी-बुडबुड्यांचे मिश्रण बाहेरच्या पाण्यापेक्षा हलके होते आणि वर चढते; त्याची जागा घेण्यासाठी बाहेरचे पाणी स्पंजमधून आत येते. ओढ लागते ती एवढ्या वजनाच्या फरकाची. ढोबळ हिशेब करू. नळी ५० सेंटीमीटर उंच असेल आणि तिच्यात एक दशांश जागा हवेने व्यापली असेल, तर मिळणारी जास्तीत जास्त ओढ ५ सेंटीमीटर उंचीच्या पाण्याच्या दाबाइतकी. नळी २० सेंटीमीटरची असेल तर फक्त २ सेंटीमीटर. विजेच्या मोटरवर चालणारा कॅनिस्टर फिल्टर एक मीटरहून अधिक उंचीचा दाब सहज देतो, म्हणून तो तुंबत आला तरी बराच काळ रेटत राहतो. स्पंज फिल्टरच्या हाती तेवढे बळ नसते.

यातून एक विरोधाभास निघतो. खोली नळीला फायद्याची आहे, पण एअर पंपाला जड जाते. पाण्यात दर १० सेंटीमीटरला सुमारे १ किलोपास्कल दाब वाढतो. ६० सेंटीमीटरवर हवा सोडायची तर पंपाला आधी जवळजवळ ६ किलोपास्कल दाबावर मात करावी लागते. एअरस्टोन आणि नळीतला अडथळा वेगळाच. खोक्यावर छापलेला ‘लिटर प्रतिमिनिट’ हा आकडा बहुधा मोकळ्या हवेतला असतो. लहान पंप फूटभर पाण्यात खळखळून चालतो आणि दोन फुटांवर धापा टाकतो, त्याचे कारण हे. पंप पुरेसा असेल तर मात्र उंच नळीची जास्त ओढ मळलेल्या स्पंजमधूनही पाणी खेचत राहते. मालकाला वाटते सारे ठीक आहे, आणि मळ आत आत घट्ट बसत जातो.

बुडबुडे दिसतात म्हणजे फिल्टर चालतो, ही समजूत इथेच घात करते. स्पंज पूर्ण तुंबला तरी बुडबुडे येतच राहतात, कारण हवेला स्पंजमधून जायचे नसतेच. पाणी येते की नाही हे पाहायचे तर नळीच्या वरच्या तोंडाशी सुक्या खाद्याचा चिमूटभर चुरा सोडावा. तो झपाट्याने दूर फेकला गेला तर प्रवाह आहे. तिथेच घुटमळला तर नाही. दर पंधरवड्याला एवढे पाहिले की पुरे.

आता खोल टाकीत याचे महत्त्व का वाढते ते पाहू. १२० सेंटीमीटर लांब, ४५ रुंद आणि ६० उंच टाकीत काठोकाठ ३२४ लिटर पाणी मावते. तीच टाकी ३० सेंटीमीटर उंच असती तर १६२ लिटर. दोन्हींत पाण्याचा हवेला लागून असलेला पृष्ठभाग मात्र सारखाच, अर्ध्या चौरस मीटरहून किंचित जास्त. प्राणवायू मुख्यतः त्या पृष्ठभागातूनच आत येतो. म्हणजे खोल टाकीत प्रत्येक लिटरच्या वाट्याला निम्मा पृष्ठभाग येतो, आणि तळाचे पाणी वर आणून पोचवण्याचे काम स्पंजची नळी करते. त्यात आपला उन्हाळा. २० अंश सेल्सियसला गोड्या पाण्यात प्रतिलिटर सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३० अंशांना साडेसातच्या आसपास. विदर्भातल्या मे महिन्यात खोलीतली टाकी तिशी सहज ओलांडते. केरळ-कर्नाटकातल्या सह्याद्रीच्या ओढ्यांतून दुकानांत आलेला डेनिसन बार्ब अशा वेळी सर्वांत आधी वर येऊन तोंड उघडू लागतो. तो वाहत्या, प्राणवायूने भरलेल्या पाण्यातला मासा आहे.

स्पंजमधल्या जीवाणूंची बाजूही नीट समजून घ्यायला हवी, कारण दुसऱ्या पंथाचा सारा आधार तिथेच आहे. माशांच्या कल्ल्यांतून आणि कुजणाऱ्या खाद्यातून अमोनिया निघतो; काही सूक्ष्मजीव त्याचे नायट्राइट करतात, काही नायट्राइटचे नायट्रेट. सेर्गेई विनोग्रादस्की याने १८९० च्या सुमारास हे जीवाणू वेगळे करून दाखवले. पुढे शंभर वर्षे पाठ्यपुस्तकांत नायट्रोसोमोनास आणि नायट्रोबॅक्टर ही जोडी पक्की झाली. १९९८ मध्ये मात्र गोड्या पाण्याच्या मत्स्यटाक्यांत नायट्राइट संपवणारा गडी नायट्रोबॅक्टर नसून नायट्रोस्पायरा असल्याचे दिसले. २०११ मध्ये टाक्यांच्या फिल्टरांत अमोनियावर जगणारे आर्किया नावाचे सूक्ष्मजीव मोठ्या संख्येने सापडले, आणि २०१५ मध्ये दोन्ही पायऱ्या एकट्यानेच पार पाडणारे नायट्रोस्पायरा.

आपल्या प्रश्नासाठी या सूक्ष्मजीवांच्या तीन गोष्टी महत्त्वाच्या. ते फार सावकाश वाढतात. अनुकूल स्थितीतही संख्या दुप्पट व्हायला अर्धा ते एक दिवस लागतो. ते स्पंजच्या धाग्यांना चिकट थराने धरून राहतात, त्यामुळे हाताने पिळल्याने सुटा गाळ जातो, थर बऱ्याच अंशी राहतो. आणि त्यांना प्राणवायू भरपूर लागतो: अमोनियातल्या १ ग्रॅम नायट्रोजनचे नायट्रेट करायला सुमारे साडेचार ग्रॅम. तो थरात मिलिमीटरच्या काही दशांशांपर्यंतच पोचतो. स्पंजच्या छिद्रांत विष्ठा आणि खाद्याचा गाळ भरला की त्यावर झपाट्याने वाढणारे दुसरे जीवाणू पोसतात, प्राणवायू आधी तेच खाऊन टाकतात, आणि ज्यांच्यासाठी आपण स्पंज जपत होतो ते गुदमरतात. काळाकुट्ट, जड झालेला स्पंज ‘परिपक्व’ नसतो. त्याला कुजक्या अंड्याचा वास येत असेल तर त्याच्या पोटात प्राणवायू संपलेला आहे.

प्रवाह मंदावला म्हणून लगेच स्पंजवर ठपका ठेवू नये. आधी हवा तपासावी. कठीण पाण्यात एअरस्टोनवर क्षार बसतात, पंपातला रबरी पडदा सैल होतो, नळी कुठेतरी दुमडलेली असते. उभ्या नळीत गोगलगाय अडकल्याचेही प्रकार होतात. बुडबुडे नेहमीइतकेच असून पाणी कमी येत असेल, तरच दोष स्पंजचा.

प्रत्यक्ष सफाईत खोल टाकीची खरी अडचण स्पंज वर काढण्याची आहे. हात खांद्यापर्यंत बुडतो, पकड नीट बसत नाही, दाबला गेलेला स्पंज तिथेच गाळ ओकतो. शिवाय पाण्यातून बाहेर येताच त्याच्यातले पाणी धारेने खाली येते आणि सोबत आठवड्यांचा मळ दोन फूट पाण्यात पसरतो. म्हणून क्रम असा ठेवावा: पाणी बदलण्याच्या दिवशी आधी सायफनने तिसरा हिस्सा पाणी काढून दोन बादल्या भरून ठेवाव्यात. पातळी उतरली की खोली आपोआप कमी होते. मग एअर पंप बंद करावा. पंप टाकीच्या पातळीखाली ठेवलेला असेल आणि नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व नसेल, तर पाणी उलटे पंपात आणि तिथून विजेच्या बोर्डावर येऊ शकते. हा व्हॉल्व स्वस्त आहे, तो नसण्याला काहीच सबब नाही. पुढे जाड प्लास्टिकची पिशवी हवा काढून पाण्यात न्यावी, स्पंजवर अलगद चढवावी, तोंड मुठीत धरावे आणि पिशवीसकट वर आणावे. पाण्यात तिचे वजन जाणवत नाही, पृष्ठभागाबाहेर येताच तीन लिटर पाण्याचे तीन किलो हातात येतात. खालून दुसरा हात द्यावा. हवेच्या नळीला धरून ओढू नये. ती निसटते आणि स्पंज पुन्हा तळाला.

उभी नळी पृष्ठभागाच्या दोन बोटे खालपर्यंत वाढवून घेतली तर दोन कामे एकदम साधतात. ओढ वाढते, आणि स्पंज उचलायला दांडा मिळतो. जोडनळी दुकानात मिळते. पैसे खर्चायचेच असतील तर दुसऱ्या महाग फिल्टरआधी या नळीवर खर्चावेत.

स्पंज बादलीतल्या टाकीच्याच पाण्यात चार-पाच वेळा पिळावा, मग दुसऱ्या बादलीत दोनदा. पाणी काळे निघायचे थांबून चहासारखे झाले की थांबावे. साबण अजिबात नको, गरम पाणीही नको. नळाच्या पाण्याबाबत मात्र थोडा विवेक हवा. भारतीय मानकानुसार नळाच्या पाण्यात प्रतिलिटर किमान ०.२ मिलिग्रॅम मोकळा क्लोरीन उरलेला असावा लागतो. एकदा खळखळल्याने चिकट थरातले सारे सूक्ष्मजीव मरतात असे नाही, पण हाताशी टाकीचे पाणी भरलेली बादली असताना हा धोका पत्करण्यात शहाणपण काय? ते गाळाचे पाणी कुंड्यांना घालावे, झाडांना मानवते.

टाकीत वाळू, दगड, वनस्पती भरपूर असतील तर अमोनिया संपवणारे सूक्ष्मजीव तिथेही वसलेले असतात आणि स्पंज थोडा जास्त पिळला गेला तरी बिघडत नाही. डिस्कस मासे पाळणाऱ्यांच्या उघड्या तळाच्या टाकीत ही सवलत नाही. तिथे दोन स्पंज असावेत आणि एकावेळी एकच, पंधरा दिवसांच्या अंतराने पिळावा. नंतरचे दोन दिवस खाद्य निम्मे करावे आणि अमोनिया-नायट्राइट तपासावे. पाण्याचा सामू इथे निर्णायक ठरतो. २५ अंशांना सामू ७ असेल तर एकूण अमोनियापैकी विषारी रूपात अर्धा-पाऊण टक्काच असतो, ८ असेल तर पाच टक्क्यांहून जास्त. बोअरच्या कठीण, बहुधा चढ्या सामूच्या पाण्यावर टाकी चालवणाऱ्याने म्हणूनच धरणाच्या मऊ पाण्यावाल्याची बेफिकिरी उचलू नये.

स्पंज निवडताना खोल टाकीसाठी मोठ्या छिद्रांचा, इंचाला वीस-तीस छिद्रे असलेला घ्यावा. बारीक छिद्रांचा पाणी अधिक नितळ करतो, पण लवकर तुंबतो आणि दर वेळी दोन फूट खाली हात घालावा लागतो. तो पिल्लांच्या उथळ टाकीत शोभतो.

वीज गेली की पाणी थांबते, पण स्पंजमधल्या जीवाणूंचे श्वसन थांबत नाही. मळलेल्या स्पंजमधला प्राणवायू लवकर संपतो. इन्व्हर्टर किंवा बॅटरीवरचा छोटा एअर पंप असेल तर प्रश्नच नाही. नसेल, आणि वीज चार-सहा तास गेली असेल, तर ती आल्यावर पंप तसाच सुरू करू नका; स्पंजमधले प्राणवायू संपलेले पाणी टाकीत ओढले जाईल. आधी स्पंज पिशवीत धरून बाहेर काढा, बादलीत पिळा, मगच परत ठेवा.