बास्केटबॉल : पाच सेंटिमीटरच्या रेषेचे मोल

एनबीए स्पर्धेत १९ जून २०२१ रोजी मिलवॉकी बक्सविरुद्धच्या निर्णायक सातव्या सामन्यात ब्रुकलिन नेट्सच्या केविन ड्युरंटने अखेरच्या क्षणी बास्केट केला. त्याच्या बुटाचे टोक तीन गुणांच्या रेषेवर असल्याने तीनऐवजी दोनच गुण मिळाले. सामना १०९-१०९ असा बरोबरीत सुटला आणि जादा वेळेत बक्सने तो ११५-१११ असा जिंकला. मैदानावरील रेषेला किती महत्त्व असते, हे या घटनेने दाखवून दिले.

आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या (फिबा) नियमांनुसार मैदान २८ मीटर लांब व १५ मीटर रुंद असते. हे अंतर सीमारेषेच्या आतल्या कडेपासून मोजतात. सर्व रेषा ५ सेंटिमीटर रुंद, एकाच रंगाच्या (पांढऱ्या किंवा पृष्ठभागाशी ठळक विरोध साधणाऱ्या) आणि स्पष्ट दिसणाऱ्या असाव्यात, असे बंधन आहे.

कोणती रेषा कोणत्या भागात धरायची, हेही ठरलेले आहे. सीमारेषा मैदानाचा भाग नाही. तिला पाय लागला की खेळाडू बाहेर. तीन गुणांची रेषा दोन गुणांच्या क्षेत्रात मोडते, तर मध्यरेषा संघाच्या स्वतःच्या अर्ध्या भागात.

ऑक्टोबर २०१० पासून फिबाने मोठे बदल लागू केले. तीन गुणांची रेषा ६.२५ मीटरवरून ६.७५ मीटरवर गेली. बास्केटसमोरील समलंब चौकोनी क्षेत्र आयताकृती झाले आणि बास्केटखाली १.२५ मीटर त्रिज्येचे अर्धवर्तुळ आले. एनबीएमध्ये तीन गुणांच्या रेषेचे कमाल अंतर ७.२४ मीटर आहे.

बहुउद्देशीय सभागृहांत बॅडमिंटन, व्हॉलीबॉल व हँडबॉलच्या रेषाही त्याच पृष्ठभागावर असतात. अशा गर्दीत रंगांतील फरक पुरेसा नसेल, तर खेळाडूंचा आणि पंचांचाही गोंधळ उडतो. काचेच्या एलईडी मैदानाने यावर एक मार्ग दाखवला आहे. त्यावर हव्या त्या खेळाच्याच रेषा उजळतात. माद्रिद येथे २०२३ मध्ये झालेल्या १९ वर्षांखालील महिलांच्या विश्वचषकात असे मैदान वापरले गेले. तथापि असे मैदान सर्वत्र परवडणारे नाही. तेथे ठळक रंग आणि वेळच्या वेळी केलेली रंगरंगोटी हाच उपाय उरतो. रेषाच पुसट झाली, तर पंचांनी निर्णय द्यायचा तरी कशाच्या आधारे?