दोंद, शस्त्र आणि संमती

ज्या देवास आपण लंबोदर म्हणून वंदितो, त्याच्याच भक्तांस स्वतःच्या दोंदाची लाज केव्हापासून वाटू लागली, याचा शोध आम्ही येथे घेत नाही. शस्त्राने उदरास घाट देण्याची विद्या मात्र सव्वाशे वर्षांची आहे, आणि तिचा इतिहास वैद्यांइतकाच वकिलांनीही वाचावा असा आहे.

इ. स. १८९९ साली अमेरिकेतील बाल्टिमोर येथील स्त्रीरोगतज्ज्ञ हॉवर्ड केली यांनी एका स्त्रीच्या लोंबत्या पोटावरील कातडी व चरबी यांचा आडवा पट्टा कापून काढला. त्याचे वजन सुमारे साडेसात किलो भरले. येथे सौंदर्य दुय्यम होते, अंगावरचे ओझे उतरावयाचे होते. पुढे बेंबी शाबूत राखण्याची युक्ती निघाली. १९६७ साली ब्राझीलच्या इव्हो पितांगी यांनी व्रण वस्त्राखाली झाकला जावा इतका खाली छेद घेण्याची पद्धत मांडली. व्रण लपविण्याची काळजी वाहिली जाऊ लागली, तेव्हा हेतू पालटला होता हे उघड आहे.

हेतू पालटला की कायद्यास प्रश्न पडतो. तो प्रश्न पॅरिसमध्ये आधीच उपस्थित झाला होता. पोटावरून नव्हे, पायावरून. दुजारिए नामक शल्यचिकित्सकांनी एका तरुणीचा पाय सडपातळ करण्यासाठी आतील चरबी काढली. पाय सडला व कापावा लागला. निरोगी अवयवावर केवळ त्याची रेखा सुधारण्यासाठी गंभीर धोक्याची शस्त्रक्रिया करणे हाच मुळी दोष, असे १९२९ साली न्यायालयाने म्हटले. १९३१ साली अपील न्यायालयाने जबाबदारी कायम ठेविली, परंतु कारण बदलले: दोष शस्त्र धरण्यात नाही, धोका न सांगण्यात आहे. आमच्या मते हे दुसरे कारणच खरे. पहिले टिकते तर अनेक बाळंतपणांनी पोट सैल पडलेल्या स्त्रीस दाद मागावयास जागाच उरली नसती.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली याच दिशेने निर्णय दिला. तो खटला सौंदर्याचा नव्हता; भुलेखाली असलेल्या प्रौढ स्त्रीचे गर्भाशय तिच्या आईच्या संमतीवर काढले गेले होते. ती संमती अपुरी ठरली. शस्त्रक्रियेचे स्वरूप, धोके आणि पर्याय रुग्णास सांगितलेच पाहिजेत, असे न्यायालयाने ठरविले.

पोटाच्या बाबतीत हे पर्याय कोणते? फ्रान्सच्या इलूझ यांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीस रूढ केलेली, बोथट नळीने चरबी ओढून घेण्याची रीत चरबी नेते. परंतु सैल कातडी आवळत नाही, फाकलेले स्नायू जोडत नाही. ते काम पूर्ण शस्त्रक्रियेचे. तीत जादा कातडी काढतात, स्नायू टाक्यांनी जवळ आणतात व बेंबीस नवी जागा देतात. तिचा लहान प्रकार बेंबीखालच्या भागापुरता. काहीच न करणे हाही पर्यायच, पण तो संमतीपत्रावर छापलेला आम्ही क्वचितच पाहिला. लठ्ठपणावर यांपैकी एकही उपाय नव्हे. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होऊन ती फुफ्फुसात जाण्याचे भय असते. आणि पुढे मूल हवे असलेल्या स्त्रीस थांबण्याचा सल्ला देतात, कारण आवळलेले पोट गरोदरपणात पुन्हा सैल पडू शकते.