एका शहरात दोन घड्याळं

मागच्या आठवड्यात गटाच्या बैठकीत एक ताई सांगत होत्या, "मुंबईला लेकीकडे गेले आणि पार बावचळले. उतरायचं एका स्टेशनात, उतरले दुसऱ्यातच. छत्री राहिली गाडीत." सगळ्या हसल्या. ताईही हसल्या, पण जरा खाली बघून. मला तिथंच आमची आत्या आठवली. म्हणून आज मोठ्या शहरातल्या विसरण्याचा थोडा इतिहास सांगते.

आत्या लग्न होऊन वरळीच्या बीडीडी चाळीत गेली. फुफाजी गिरणीत होते. पहिल्याच आठवड्यात ती दूध आणायला खाली उतरली, वर आली, खोलीत शिरली आणि भांडं स्टोव्हवर ठेवलं. मागं वळून बघते तर पलंगावर परकाच म्हातारा! मजला चुकला होता. ही गोष्ट घरात वीस वर्षं चघळली गेली. "आमची विसरभोळी," असंच सगळे म्हणायचे.

आता ती चाळ कशी होती ते ऐका. 1920 च्या दशकात इंग्रज सरकारच्या विकास खात्यानं वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाईल रोड इथं मिळून दोनशेच्या वर इमारती बांधल्या. प्रत्येक इमारत तळमजला अधिक तीन मजले. एका मजल्यावर वीस खोल्या, म्हणजे एका इमारतीत ऐंशी. सगळ्या खोल्या एका मापाच्या, दारं एकसारखी, जिना तसाच. आपल्या गावात घर कसं ओळखतो? दारात कडुनिंब, पुढं गोठा, ओट्याचा एक दगड निसटलेला. तिथं यातलं काहीच नाही. मग चूक आत्याची म्हणायची का?

आत्यानं काय केलं, तर जुन्या हिरव्या लुगड्याची चिंधी फाडून दाराच्या कडीला बांधली. पुन्हा कधी चुकली नाही.

गंमत अशी, की मुंबईतली सगळ्यात नावाजलेली व्यवस्था अशाच युक्तीवर उभी राहिली. ती म्हणजे डबेवाले. 1890 च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी हे काम सुरू केल्याचं सांगतात. डबेवाले बहुतेक मावळ, खेड, जुन्नर, आंबेगाव भागातले. पुष्कळांना लिहितावाचता येत नव्हतं. डबा घरून उचलणारा एक, गाडीत चढवणारा दुसरा, कचेरीत पोचवणारा तिसरा. हजारो डबे, दिसायला सारखे. कोणता कोणाचा हे डोक्यात ठेवायचं म्हटलं तर विसर पडणारच. म्हणून आधी रंगीत दोरे आणि चिंध्या बांधायचे. पुढं डब्यावर रंगानं अक्षरं आणि आकडे आले. कुठल्या स्टेशनात उतरवायचा, कुठल्या इमारतीत, कितव्या मजल्यावर, सगळं त्या खुणेत. त्या कामाचं कौतुक आज जगभर होतं. आत्याच्या चिंधीला मात्र घरात हसले.

दुसरी गोष्ट वेळेची. आता देशभर एकच वेळ आहे. तेव्हा तसं नव्हतं. मुंबईची स्वतःची वेळ होती, ती तिथल्या सूर्यावर बेतलेली. 1906 साली सरकारनं साऱ्या देशासाठी एक वेळ ठरवली. ती मुंबईच्या वेळेपेक्षा 39 मिनिटं पुढं होती. लोकांना ते पटलं नाही. गिरणी कामगारांनी तर विरोध केला, कारण घड्याळ पुढं सरकलं की त्यांना तेवढं लवकर, अंधारातच घर सोडावं लागणार. रेल्वे नव्या वेळेनं चालू लागली. मुंबई महापालिकेनं मात्र जुनी वेळ धरून ठेवली, ती पुढं कित्येक दशकं! म्हणजे इतकी वर्षं एका शहरात दोन वेळा. कुणी नऊ वाजता भेटू म्हटलं, तर कुठले नऊ, हे विचारावं लागायचं. जुन्या वेळेच्या घड्याळात बघून स्टेशनात निघालेल्या माणसाची गाडी केव्हाच गेलेली असायची. आता सांगा, वेंधळं कोण?

ज्यांच्या घरात घड्याळच नव्हतं, त्यांचं काय? त्यांना गिरणीचा भोंगा. भोंगा झाला की उठायचं, पुढचा झाला की गिरणीच्या दारात हजर. वेळ लक्षात ठेवायचं काम भोंगा करायचा.

आणि लक्षात ठेवणाऱ्या बायकाही होत्या. गिरणगावात घाटावरचे, कोकणातले कितीतरी पुरुष एकेकटे राहायचे, एका गाळ्यात दहा-पंधरा जण. त्यांना जेवू घालायच्या खानावळवाल्या. कोणाची पाळी कोणती, कोणाचा उपास कधी, कोणाचे किती खाडे, हे सगळं त्यांच्या तोंडी. पैसे पगार झाल्यावर. तोवर वाण्याची उधारी चालायची आणि व्याज वाढायचं. हिशेब तोंडी असला, की भांडणात बाईचं कोण ऐकणार? 1975 साली प्रेमाताई पुरव यांनी या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज त्यांच्यापर्यंत आणलं. डोक्यातला हिशेब कागदावर आला, तेव्हा त्या बायकांच्या कष्टाला बँकेच्या दारात किंमत आली.

म्हणून मैत्रिणींनो, दोन गोष्टी सांगते. शहरात जाऊन चुकलेल्या बाईला बावळट म्हणू नका. चुकणं सगळ्यांचं होतं. शहाणी माणसं खूण बांधतात. लेकीच्या घरी जाताना पत्ता आणि फोन नंबर कागदावर लिहून कनवटीला ठेवा, उतरायच्या आधीचं स्टेशन विचारून ठेवा, छत्रीला रंगीत दोरा बांधा. आणि आपल्या गटातही "माझ्या लक्षात आहे" यावर भागवू नका. हप्ता दिला की तिथंच वहीत नोंद आणि सही किंवा अंगठा.

आत्या आता नाही. पण परवा जुनी ट्रंक उघडली, तर त्या हिरव्या लुगड्याचा उरलेला काठ सापडला. मी तो आमच्या गटाच्या वहीला बांधला आहे, खूण म्हणून.