किक शिकविणारे मास्तर : सय्यद अब्दुल रहीम

फुटबॉलच्या इतिहासाविषयी आपल्याकडे जे लिहिले जाते ते बहुधा सामन्यांविषयीच असते. १९११ साली मोहन बागानने आय. एफ. ए. शील्डच्या अंतिम सामन्यात ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ असे हरविले, त्या संघातील अकरांपैकी दहा खेळाडू अनवाणी होते. १९३४ ते १९३८ अशी सलग पाच वर्षे कलकत्त्याची लीग मोहमेडन स्पोर्टिंगने जिंकली. या गोष्टी आमच्या वडीलधाऱ्यांना तोंडपाठ असत. परंतु या खेळाडूंना लहानपणी किक मारावयास कोणी शिकविली, आणि कशी, हे सहसा कोणी विचारीत नाही. इतिहासाबरोबर पी. टी.चे तासही घ्यावे लागणाऱ्या माझ्यासारख्या शिक्षकाला मात्र तोच प्रश्न आधी पडतो.

शाळेत किक शिकविण्याची एक जुनी हकीकत काश्मीरची आहे. १८९१ साली श्रीनगरच्या मिशन शाळेचे प्रमुख सेसिल टिंडेल-बिस्को यांनी मुंबईहून परतताना चामड्याचा एक फुटबॉल बरोबर नेला. मुलांनी तो कशाचा आहे असे विचारले आणि चामड्याचा म्हणताच त्याला शिवण्यास साफ नकार दिला. बिस्कोसाहेबांनी काय करावे? काठ्या घेतलेले शिक्षक उभे केले आणि खेळ सुरू करविला. मुलांच्या अंगात पायघोळ फेरन, पायांत खडावा. खडावा चेंडूपेक्षा उंच उडाल्या. एका मुलाच्या तोंडावर चेंडू आदळला. तोंड बाटले म्हणून तो रडू लागला, तेव्हा त्याला कालव्यावर नेऊन धुऊन आणले आणि खेळ पुढे चालू झाला. हे सर्व त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे, आणि तेही काहीशा अभिमानाने. पुढे काश्मीरने फुटबॉल आपलासा केला, हे खरे. तरीही ही हकीकत वाचताना माझे लक्ष त्या रडणाऱ्या मुलावरच खिळून राहते. त्याला कारण माझ्याच हातून घडलेली एक चूक आहे.

नोकरीच्या पहिल्या वर्षी माझ्याकडे पाचवीच्या ५४ मुलांचा वर्ग होता आणि वर्गाच्या वाट्याला फुटबॉल आले होते दोन. मी मुलांच्या दोन रांगा केल्या, पाठाच्या टाचणात लिहिल्याबरहुकूम किकचे विवेचन केले आणि एकेकाला पुढे बोलावू लागलो. पस्तीस मिनिटांच्या तासात बहुतेकांचा पाय चेंडूला एकदाच लागला. एका मुलाची किक हुकली म्हणून मी त्याला आणखी दोनदा मारावयास लावली. दोन्ही वेळा पुन्हा हुकली. वर्ग हसला, आणि सांगावयास लाज वाटते, मीही हसलो. "तू आपला गोलमध्ये उभा राहा रे बाबा," असे म्हणून मी पुढचे नाव पुकारले. त्यानंतर दर पी. टी.च्या तासाला त्याचे पोट दुखू लागले. पोट दुखण्याचा वार ठरलेला आहे, हे माझ्या ध्यानात यावयास दोन महिने लागले. माझ्या हाती काठी नव्हती, एवढाच काय तो बिस्कोसाहेबांत आणि माझ्यात फरक.

त्याच सुमारास मरहूम सय्यद अब्दुल रहीम यांच्याविषयी वाचनात आले. २०२४ साली 'मैदान' हा चित्रपट आल्यापासून हे नाव घरोघरी पोहोचले आहे. पण चित्रपटातून लोकांच्या लक्षात राहिले ते भारतीय संघाचे प्रशिक्षक. मला ओढ लागली ती त्याआधीच्या शाळामास्तरांची.

रहीमसाहेबांचा जन्म १९०९ सालचा, हैदराबादचा. उस्मानिया विद्यापीठाची कला शाखेची पदवी घेऊन ते शिक्षक झाले. काचीगुडा मिडल स्कूल, उर्दू शरीफ स्कूल, दारुल उलूम हायस्कूल, चादरघाट हायस्कूल अशा शाळांतून त्यांनी शिकविले, आणि शारीरिक शिक्षणाची पदविका मिळवून शाळेच्या खेळांची जबाबदारीही अंगावर घेतली. (मराठवाडा त्या वेळी निजामाच्या राज्यातच होता. तिकडच्या जुन्या मंडळींना ही शाळांची नावे परकी वाटणार नाहीत.) पुढे ते हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे सचिव झाले आणि १९४० च्या दशकात त्यांनी काही निराळ्याच स्पर्धा सुरू केल्या. एका स्पर्धेत चेंडू फक्त कमजोर पायानेच मारावयाचा. म्हणजे उजव्या पायाच्या खेळाडूने डाव्या पायाने, डावऱ्याने उजव्या. दुसऱ्या प्रकारात चेंडू पायात खेळवीत पळण्यास, अर्थात ड्रिब्लिंगला, मनाई. चेंडू आला की तो साथीदाराला द्यावयाचा.

शिकविण्याचे काम त्यांनी असे खेळाच्या नियमावरच सोपविले. यात किती शहाणपण आहे ते स्वतः करून पाहिल्यावाचून कळत नाही. उजव्या पायाच्या मुलाला डाव्या पायाने मारावयास सांगा, म्हणजे किक एकट्या मारणाऱ्या पायाची नसते, हे त्याला प्रथमच उमगते. उभा राहणारा पाय चेंडूच्या बाजूला, वीतभर अंतरावर पडावा लागतो. तो मागे राहिला की चेंडू वर उडतो, फार जवळ आला की मारणारा पाय अडखळतो. नजर चेंडूवर हवी, घोटा घट्ट हवा. सवयीच्या पायाने हे सर्व नकळत होत असते, आणि नकळत होते म्हणूनच त्यातील चूकही नकळत राहून जाते. ड्रिब्लिंगवरील बंदीने दुसरीच गोष्ट साधते. आलेला चेंडू तत्काळ नेमका द्यावयाचा म्हणजे अंगठ्याच्या टोकाने ठोकून भागत नाही, पावलाची आतली सपाट बाजू वापरावी लागते. अनवाणी खेळणाऱ्या मुलाला तर अंगठ्याने मारणे किती महागात पडते, ते सांगावयास नको.

परंतु मला सर्वांत मोलाचे वाटले ते वेगळेच. कमजोर पायाच्या सामन्यात वर्गातला सर्वांत तरबेज मुलगाही हुकतो.

अशा मैदानांतून घडलेल्या हैदराबादी खेळाडूंनी काय केले ते मुंबईने पाहिले आहे. १८९१ साली सुरू झालेला रोव्हर्स कप रहीमसाहेबांच्या हैदराबाद सिटी पोलीस संघाने १९५० ते १९५४ असा सलग पाच वेळा जिंकला. अपयशही आले. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने भारताला १०-१ असे चिरडले. तेव्हाही प्रशिक्षक तेच होते, आणि आपले बरेच खेळाडू अनवाणी होते. बूट सक्तीचे झाले ते त्यानंतर. १९५१ व १९६२ ची आशियाई सुवर्णपदके, १९५६ साली मेलबर्नला मिळालेला चौथा क्रमांक, तेथे ऑस्ट्रेलियाविरुद्ध मुंबईच्या नेव्हिल डिसोझाने मारलेले तीन गोल, हे सर्व सर्वश्रुत आहे. तुलसीदास बलरामची गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे. सिकंदराबादजवळच्या अम्मुगुडाचा हा गरीब घरचा मुलगा. सरावाला हैदराबादपर्यंत यावयाचे कसे, ही त्याची अडचण. भाड्याच्या सायकलचे पैसे रहीमसाहेबांनी स्वतःच्या खिशातून दिले. ११ जून १९६३ रोजी कर्करोगाने त्यांचे निधन झाले, जाकार्ताच्या विजयाला वर्षही झाले नव्हते. नियम बदलून शिकविण्याची त्यांची रीत शाळाशाळांतून पोहोचावयास हवी होती, ती पोहोचली नाही, हे शिक्षक या नात्याने नमूद करतो. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने लहान मुलांसाठी लहान मैदान आणि थोडे खेळाडू अशी 'बेबी लीग' सुरू केली ती २०१८ साली.

आता माझ्या वर्गाकडे वळतो. फुटबॉल दोनच होते, तेव्हा घरचे रबरी चेंडू आणावयास सांगितले. नऊ जमले. सहा-सहा मुलांचे नऊ गट केले आणि प्रत्येक गटाला लगोरीचे सात दगड रचावयास सांगितले. लगोरी आमच्या मुलांना शिकवावी लागत नाही. फरक इतकाच की आठ पावलांवरून ती पायाने फोडावयाची, आणि जोरकस पायाच्या घोट्याला चिंधी बांधलेली; चिंधीचा पाय चेंडूला लागला की डाव गेला. लगोरी फुटली की तिघांनी ती पुन्हा रचावयाची. उरलेल्या तिघांनी चेंडू पायानेच एकमेकांना देत आणावयाचा, कोणीही चेंडू घेऊन पळावयाचे नाही, तिघांचे पाय लागून तो दगडांवर आदळला की रचणारे बाद. पहिल्या दिवशी मैदानात इतका कल्ला झाला की मुख्याध्यापक व्हरांड्यात येऊन उभे राहिले. एकेका मुलाचा पाय चेंडूला किती वेळा लागतो हे मी मोजू लागलो, आणि विसाच्या पुढे नाद सोडला.

त्या दिवशी पोटदुख्या मुलगाही मैदानात होता. त्याची पहिली किक हुकली. त्याच्यामागून वर्गाचा कप्तान आला, त्याचीही हुकली, इतकी की तो बसलाच. सगळे हसले, आणि या खेपेस तोही त्यांच्याबरोबर हसला. चिंध्या मात्र जुन्या फडक्यांच्या, कोणाची सुटे, कोणाची फाटे. पुढच्या पी. टी.च्या तासाला तो एक पुडके घेऊन आला. त्याचे अब्बा शिंपी. पुडक्यात उरल्यासुरल्या कापडाच्या, एकाच मापाच्या, कडा शिवलेल्या ५४ पट्ट्या होत्या. "सर, गाठ मारायला लांबी पुरेल ना?" त्याने विचारले.