धूर इथे, हिशेब तिथे

मार्च 2023 मध्ये आपल्या बल्लारपूरच्या डेपोतून अयोध्येच्या राममंदिरासाठी सागवान निघालं. दारं झालेल्या त्या लाकडात कार्बन अजून बंद आहे. जाळलं असतं, तर तो केव्हाच हवेत गेला असता.

इंग्लंडच्या यॉर्कशरमधलं ड्रॅक्स वीजकेंद्र लाकूडच जाळतं. हे मूळचं कोळशाचं केंद्र 2013 पासून एकेक युनिट करत पेलेटवर गेलं. पेलेट म्हणजे भुसा दाबून केलेल्या छोट्या कांड्या. बहुतेक माल अमेरिकेतून जहाजाने येतो.

आता हिशेब बघा. एक गिगाज्यूल उष्णतेमागे दगडी कोळशातून साधारण 95 किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, लाकडातून 112. तरी ब्रिटनच्या वीजखात्यात हा आकडा शून्य! कारण नियम असा, की झाड जिथे तुटलं, तिथल्या जंगलाच्या खात्यात तो मांडायचा. पण 1997 चा क्योटो करार अमेरिकेने मंजूरच केला नाही. त्या कराराची मर्यादा तिच्या खात्याला लागलीच नाही.

आपला संबंध काय? 2021 च्या केंद्राच्या धोरणाने औष्णिक केंद्रांना कोळशात 5 टक्के बायोमास मिसळायला सांगितलं, मुख्यतः शेतातल्या काडीकचऱ्याचं. शेजारचं चंद्रपूर केंद्र 2920 मेगावॅटचं आहे. पऱ्हाट्या-तुराट्या तशाही बांधावर जळतात. त्यांचं पेलेट झालं तर कोळसा वाचेल. पण सागाचं झाड पुन्हा उभं राहायला पन्नास-साठ वर्षं लागतात.

म्हणून कोणी 'शून्य उत्सर्जन' म्हटलं की आधी विचारा, पेलेट कशाचं?