अंतराळातला अचूक नेम: लेसर संदेशवहनाचे दिशानियंत्रण

दूरच्या अंतराळयानाशी लेसरद्वारे संवाद साधताना प्रकाशाच्या शक्तीइतकाच त्याचा नेमही महत्त्वाचा असतो. रेडिओलहरींचा झोत बराच पसरतो, त्यामुळे दिशेतील किंचित चूक खपून जाते. लेसरची शलाका अतिशय अरुंद असते. म्हणूनच ती अधिक माहिती वाहून आणू शकते आणि म्हणूनच सहज चुकतेही.

नासाचे ‘सायकी’ यान १३ ऑक्टोबर २०२३ रोजी फ्लोरिडातून निघाले. त्यावरील लेसर संदेशवहनाचा प्रयोग कॅलिफोर्नियातील जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीने राबवला. यानावरील दुर्बिणीचा व्यास अवघा २२ सेंटिमीटर आणि प्रकाशाची तरंगलांबी १५५० नॅनोमीटर. या मापांवरून शलाकेचा पसारा सुमारे ७ मायक्रोरेडियन येतो, म्हणजे एका किलोमीटरला ७ मिलिमीटर. ३.१ कोटी किलोमीटरवर तिची रुंदी जेमतेम २२० किलोमीटर भरते.

हा नेम तीन टप्प्यांत साधला जातो. पहिला टप्पा पृथ्वी शोधण्याचा. टेबल माउंटन येथून सोडलेला शक्तिशाली लेसर यानासाठी दीपस्तंभाचे काम करतो. यानावरील कॅमेरा त्याचे मोजके प्रकाशकण टिपून दिशा निश्चित करतो. दुसरा टप्पा स्थैर्याचा. यानातील यंत्रांची थरथर दुर्बिणीपर्यंत पोहोचू नये म्हणून ती सक्रिय आधारदांड्यांवर जणू तरंगती ठेवलेली असते. तिसरा टप्पा पुढचा वेध घेण्याचा. ३.१ कोटी किलोमीटरवरून प्रकाशाला एका दिशेने सुमारे १०१ सेकंद लागतात. आडवा सापेक्ष वेग सेकंदाला १० किलोमीटर धरला, तर जाण्यायेण्याच्या काळात पृथ्वी सुमारे २,००० किलोमीटर सरकते. म्हणून दीपस्तंभ दिसतो तिथे नव्हे, तर पृथ्वी जिथे असेल तिथे शलाका रोखावी लागते. ही दुरुस्ती एक छोटा आरसा करतो.

१४ नोव्हेंबर २०२३ रोजी सुमारे १.६ कोटी किलोमीटरवरून पहिला संकेत पालोमार येथील ५.१ मीटर व्यासाच्या हेल दुर्बिणीने टिपला. ११ डिसेंबरला ३.१ कोटी किलोमीटरवरून एका मांजराची चित्रफीत सेकंदाला २६७ मेगाबिट वेगाने उतरली. ३ डिसेंबर २०२४ रोजी हेच अंतर ४९.४ कोटी किलोमीटरवर गेले.

मर्यादा मात्र आकाशाची आहे. ढग आले की खाली येणारा संदेश अडतोच, शिवाय यानाचा दीपस्तंभही झाकला जातो. मंगळावर माणसे गेल्यावर त्यांचा संवाद लेसरवर सोपवायचा, तर वेगवेगळ्या हवामानांच्या प्रदेशांत अनेक भूकेंद्रे उभारावी लागतील.